व्हॅस्क्युलर लॅबमधल्यांनी औषधांची माहिती कुठून वाढवावी? सल्ला हवा

नवी_नाडी: मंडळी, व्हॅस्क्युलर लॅबमध्ये (रक्तवाहिन्यांची अल्ट्रासाउंडने तपासणी होते तिथे) क्लिनिकल सायंटिस्ट म्हणून नुकतीच रुजू झालेय. मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचं, त्यामुळे डॉप्लर अँगल, एलियासिंग वगैरे यंत्राच्या तांत्रिक बाबींची भीती नाही. पण विनंतीपत्रावर औषधांची लांबलचक यादी दिसली की ततपप होतं. मला औषधं लिहून द्यायची नाहीत. पेशंट काय घेतोय आणि त्याचा माझ्या तपासणीशी काय संबंध, एवढं कळलं तरी पुरे. रोज अर्धा तास, असे दोन महिने देऊ शकते. त्याहून जास्त नाही. कोर्स, ॲप, पुस्तक... काय सुचवाल?

प्रोबमास्तर: वर्षभराचा ऑनलाइन डिप्लोमा डोळे झाकून करा. मी केलाय. दर आठवड्याला असाइनमेंट, शेवटी प्रबंध. आता डॉक्टरसुद्धा मला विचारून जातात.

तिरकस: धाग्यात 'दोन महिने' लिहिलंय हो मास्तर.

प्रोबमास्तर: वाचलं. वर्ष कसं सरतं कळतही नाही.

डॉप्लरवाला: ॲप घ्या. वर्गणी भरावी लागते, पण ऑफलाइन चालतं. आमची लॅब तळघरात, तिथे नेटवर्कच्या नावाने बोंब. फक्त गेल्या अपडेटपासून शोध बिघडलाय, औषधाचं नाव टाकलं की भलतंच उघडतं. तक्रार केली, तर 'ॲप काढून पुन्हा टाका' असं उत्तर आलं.

कडू_काढा: म्हणजे बिघडलेलं ॲप सुचवताय. असो. आधी एक गोष्ट पक्की करा. पेशंट ज्यांना सरसकट 'रक्त पातळ करायच्या गोळ्या' म्हणतात, त्यांची दोन वेगळी कुळं आहेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना आवरतात. हेपॅरिन, वॉर्फरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन रक्त गोठण्याची साखळीच तोडतात. पहिली मुख्यतः धमन्यांच्या रोगात दिसतील, दुसरी डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी) आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे अनियमित ठोके). आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) वॉर्फरिनसाठी, बहुतेक वेळा 2 ते 3 मध्ये ठेवतात. अपिक्साबॅनवाल्याचा आयएनआर बघून निष्कर्ष काढू नका.

शिरेचा_शेर: +१. मीही हेच लिहिणार होतो. ॲप घ्या.

मनमोकळी: @नवी_नाडी, कोर्स राहू द्या, रोजच्या याद्याच वाचा. 'पाय सुजलेत, डीव्हीटी?' अशी विनंती येते. बघावं तर दोन्ही घोटे सारखेच सुजलेले, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटलेला, आणि प्रोबखाली शिरा अगदी पूर्ण दाबल्या जातात, म्हणजे तिथे गुठळी नाही. यादी बघितली की सापडतं: ॲम्लोडिपिनचा (रक्तदाबाची गोळी) डोस हल्लीच वाढवलेला. ते छोट्या धमन्या सैल करतं, केशवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं. म्हणून लघवीच्या गोळ्यांनी ही सूज फारशी उतरत नाही. अर्थात यादीत ॲम्लोडिपिन दिसलं म्हणून स्कॅन उरकता घ्यायचा नाही. ते घेणाऱ्यालाही डीव्हीटी होतोच.

डॉप्लरवाला: आणि बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) दिसला तर लक्ष ठेवा, चालताना पाय दुखणाऱ्यांचा त्रास त्याने वाढतो.

कडू_काढा: जुनं झालं ते. सौम्य-मध्यम क्लॉडिकेशनमध्ये (चालताना पाय दुखणं) चाचण्यांत तसं दिसलं नाही. रेनॉडमध्ये (थंडीने बोटांच्या वाहिन्या आकसतात) मात्र खरंच त्रास वाढू शकतो.

डॉप्लरवाला: मला शिकवलं तसं सांगितलं.

कडू_काढा: शिकवलं कधी?

तिरकस: झालं सुरू. ट्रेडमिलवर बीटा ब्लॉकरवाल्याची नाडी फार चढत नाही, नुसत्या नाडीवरून श्रमाचा अंदाज बांधू नका. हे दोघांनाही मान्य असावं.

औषधी_वनस्पती: अवांतर: वॉर्फरिनचा उगम कुणाला माहितीये? खराब झालेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गायी रक्तस्रावाने मरायच्या. त्या शोधातून डायकुमारॉल सापडलं, पुढे वॉर्फरिन आधी उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं.

शिरेचा_शेर: भारी! म्हणजे आम्ही उंदीर.

मनमोकळी: मूळ विषयावर येऊ का? डोसचा आकडाही वाचायला शिका. रिव्हारोक्साबॅन 2.5 मिग्रॅ दिवसातून दोनदा, सोबत ॲस्पिरिन, ही टायपिंगची चूक नाही. 2017 च्या कंपास या औषध-चाचणीनंतर धमन्यांच्या रोगात ती जोडी आली. 15 मिग्रॅ दोनदा दिसलं तर बहुधा ताजा डीव्हीटी. तो डोस 21 दिवस असतो, मग 20 मिग्रॅ एकदा. विनंतीपत्रावर नुसतं 'पाय दुखतो' असलं तरी आकडा बोलतो.

कडू_काढा: हे उत्तम. आणि मांडीतल्या सूडोॲन्युरिझमवर (धमनीतून गळलेल्या रक्ताचा फुगा) प्रोबने दाब देऊन बसणार असाल, तर पेशंट अँटिकोॲग्युलंटवर (म्हणजे वरच्या दुसऱ्या कुळातल्या औषधावर) आहे का हे आधी विचारा. असेल तर तो फुगा बंद होण्याची शक्यता बरीच घटते आणि तुमचा हात मात्र भरून येतो. सिलोस्टाझोल (क्लॉडिकेशनवरचं औषध) दिसलं आणि इतिहासात हार्ट फेल्युअर असलं, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. तिथे ते वर्ज्य आहे.

दबलेली_शीर: एक तक्रार. आमच्याकडे आलेल्या एका आजोबांना कुणीतरी फोनवर 'स्कॅनच्या आधी गोळी बंद करा' म्हणून सांगितलं होतं. अपिक्साबॅन! त्याचा अर्धायुकाल साधारण 12 तास, दोन दिवसांत संरक्षण गेलं. साध्या डुप्लेक्ससाठी (रक्तवाहिन्यांचा अल्ट्रासाउंड स्कॅन) अँटिकोॲग्युलंट थांबवावं लागत नाही. आणि थांबवा किंवा चालू ठेवा हे सांगणं आपलं कामच नाही, ज्यांनी लिहून दिलंय त्यांना विचारायचं.

प्रोबमास्तर: डिप्लोमात यावर अख्खं मॉड्यूल आहे.

तिरकस: ताई, काहीही करा, जाडजूड औषधशास्त्राचं पुस्तक तेवढं घेऊ नका. माझं अजून मॉनिटरखाली आहे, उंची बरोबर येते.

नवी_नाडी: सगळ्यांचे आभार, मनमोकळी आणि कडू काढा यांचे विशेष. वाचनखूण साठवली आहे. पण शेवटी जाडजूड पुस्तकच मागवलं. मला मुळापासून वाचल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ॲपवर वाचून डोळे दुखतात. हृदय-रक्तवाहिन्यांचा भाग आधी संपवते. एक शंका राहिली: रेनॉडच्या थंड पाण्याच्या चाचणीआधी निफेडिपिनचं काय करतात?

मनमोकळी: त्याने वाहिन्या सैल राहतात, म्हणून निकाल झाकला जाऊ शकतो. थांबवायचं का आणि किती आधी, ते तुमच्या लॅबच्या प्रोटोकॉलमध्ये बघा आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. तोवर निदान रिपोर्टमध्ये 'निफेडिपिन चालू' आणि शेवटचा डोस कधी घेतला ते लिहा.

डॉप्लरवाला: ॲपचं नवं अपडेट आलंय. शोध चालतोय.