मदत हवी आहे: स्क्रीनशॉटवर बाण, क्रमांक आणि मराठी मजकूर टाकून पीडीएफ करायची आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन कशी भरायची, याची पायरीपायरीने समजावणारी पीडीएफ आमच्या केंद्रातल्या शिक्षकांसाठी करायची आहे. केंद्रप्रमुखांनी ते काम माझ्याकडे दिलंय. कारण काय, तर मागच्या प्रशिक्षणात बंद पडलेला प्रोजेक्टर मी सुरू केला होता. तेवढ्यावर माणूस 'तंत्रस्नेही' ठरतो आमच्याकडे.

लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. सध्या प्रिंट स्क्रीन दाबते, वर्डमध्ये चित्र चिकटवते आणि तिथलेच बाण, चौकोन वर ठेवते. पण वर एखादी ओळ वाढवली की चित्र खाली सरकतं आणि बाण तिथेच लटकत राहतो. शिवाय इयत्ता निवडायची जी यादी खाली उघडते, तिचाच फोटो हवा असतो आणि नेमकी ती बटण दाबताक्षणी मिटते. पान लांबलचक आहे, एका स्क्रीनमध्ये मावत नाही.

आणि मुख्य म्हणजे पडद्यावर मुलांची नावं, आधार क्रमांक दिसतात. त्यावर वर्डमधली काळी पट्टी ठेवून पीडीएफ केली तर चालेल ना?

फुकटातलं आणि शक्यतो इंटरनेट न लागणारं काही सुचवा. शाळेत रेंजची बोंब आहे.

जुनी_खिडकी

मिटणाऱ्या यादीसाठी वेगळं काही लागत नाही. विंडोजमधलं स्निपिंग टूल स्टार्टमधून उघडा. त्यात घड्याळाचं चिन्ह आहे, तिथे ३, ५ किंवा १० सेकंदांचा उशीर लावता येतो. ५ लावा, 'नवीन' दाबा, ब्राउझरमध्ये जाऊन यादी उघडून ठेवा आणि हात बाजूला घ्या. वेळ संपली की पडदा गोठतो, मग हवा तेवढा भाग ओढून घ्या.

बाणांसाठी मात्र वर्ड सोडा. बाण चित्रातच काढायचे आणि मग चित्र वर्डमध्ये आणायचं, म्हणजे दोघं एकत्रच सरकतात. ग्रीनशॉट नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम आहे, एकदा उतरवला की नेट लागत नाही. मला त्यातल्या दोन गोष्टी आवडतात. एक, क्रमांकाचं साधन: क्लिक कराल तिथे गोलात १, पुढच्या क्लिकला २, असं आपोआप वाढत जातं. दुसरी, शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबलं की मागच्या वेळी निवडलेला तेवढाच चौकोन पुन्हा टिपतो. सगळी चित्रं एका मापाची येतात आणि पीडीएफ नीटस दिसते.

विंडोज ११ मध्ये प्रिंट स्क्रीनचं बटण स्निपिंग टूलने बळकावलेलं असतं. सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे ते बंद करा. नाहीतर दोघांची भांडणं होतात.

आणि प्रत्येक चित्र ग्रीनशॉटच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येही जपून ठेवा. त्यात बाण नंतर हलवता येतात. पुढच्या वर्षी पोर्टलचं रूप बदलणार, हे काय मी सांगायला हवं?

टाकसाळ

काळ्या पट्टीबद्दल आधी बोलू, कारण बाण वाकडा गेला तर कुणाचं काही बिघडत नाही.

नाही, चालणार नाही. वर्डमधली पट्टी ही चित्रावर ठेवलेली वेगळी वस्तू असते. वर्ड फाइल गेली तर कुणीही ती उचलून बाजूला करेल. पीडीएफ केली तरी खालचं चित्र आत जसंच्या तसं असतं, त्यातली चित्रं वेगळी काढणारी साधनं कुणालाही मिळतात. वर्डमध्ये चित्र कापलंत तरी कापलेला भाग फाइलमध्येच राहतो, चित्रं संकुचित करताना 'कापलेले भाग काढून टाका' असं मुद्दाम सांगेपर्यंत.

चौकटी-चौकटी करून धूसर करणं हाही भरवशाचा उपाय नाही. बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने २०२२ मध्ये अनरिडॅक्टर नावाचं साधनच प्रसिद्ध केलं. ते एकेक अक्षर अंदाजाने ठेवून, तसंच धूसर करून, मूळ चित्राशी ताडून बघतं. आधार क्रमांकाच्या प्रत्येक जागी तर शून्य ते नऊ यांपैकीच एक आकडा येऊ शकतो, म्हणजे काम आणखी सोपं. ग्रीनशॉटमध्येही धूसर करायची सोय आहे, ती या कामाला वापरू नका. पूर्ण रंग भरलेला चौकोन काढा आणि पीएनजी या चित्रप्रकारात साठवा. तेव्हा खालचे ठिपके खरोखरच पुसले जातात.

कापून पुन्हा त्याच नावाने साठवण्यातही एकदा गोची झाली होती. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की विंडोज ११ चं स्निपिंग टूल असं साठवताना जुन्या चित्राचा उरलेला भाग फाइलच्या शेवटी तसाच ठेवत होतं. त्याच महिन्यात दुरुस्ती आली, पण शाळेतले लॅपटॉप अपडेट कोण करतं? कापलेलं चित्र नव्या नावाने साठवत जा.

माझं मत विचाराल तर झाकण्यापेक्षा खरी माहिती पडद्यावर येऊच देऊ नका. मुलाच्या नावावर उजवी क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. शेजारी जो कोड उघडतो त्यात ते नाव दिसेल, त्यावर दोनदा क्लिक करून 'विद्यार्थी क्र. १' लिहा. बदल फक्त तुमच्या पडद्यावर होतो, पान पुन्हा उघडलं की मूळ नाव परत. आधारच्या जागी बारा शून्य. भरायच्या रकान्यांमध्ये मात्र हे करायची गरज नाही, तिथे खोटी माहिती टाइप करा, फोटो घ्या आणि 'साठवा' बटण न दाबता बाहेर पडा.

पेंग्विनवाला

लांब पानासाठी फायरफॉक्स. पानावर उजवी क्लिक, 'टेक स्क्रीनशॉट', मग 'पूर्ण पान साठवा'. ब्राउझरला जोडायचं कुठलंही एक्स्टेन्शन, म्हणजे जादा प्रोग्रॅम, नको. पण इतकं लांब चित्र कागदावर मुंगीएवढं दिसतं, तेव्हा त्याचे तुकडे करावे लागतीलच.

बाकी लिनक्सवर फ्लेमशॉटमध्ये हे सगळं एकाच जागी होतं...

जुनी_खिडकी

@पेंग्विनवाला, आलास? ताईंकडे विंडोज आहे रे. :)

अक्षरजुळारी

मी डीटीपी करतो, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो.

मराठी मजकूर चित्रावर लिहूच नका. चित्रावर फक्त क्रमांक आणि एखादी चौकट. 'येथे जन्मतारीख भरा' वगैरे चित्राखाली वर्डमध्ये, त्याच क्रमांकाने. चूक सापडली तर एक ओळ बदलते, अख्खं चित्र नव्याने करावं लागत नाही. कुठे लिहावंच लागलं तर पेंटमध्ये निर्मला यूआय फॉन्ट घेऊन युनिकोडमध्ये लिहा, जोडाक्षरं नीट येतात. फक्त पेंटमध्ये बाहेर क्लिक केलं की मजकूर चित्राचा भाग होऊन बसतो, मग ऱ्हस्वदीर्घ सुधारता येत नाही.

दुसरं, सगळे लाल बाण काढतात. तुमची पीडीएफ शाळाशाळांत झेरॉक्स होऊन फिरणार आणि झेरॉक्समध्ये लाल बाण मागच्या करड्यात विरघळतो. जाड काळी चौकट, आत पांढऱ्या गोलात काळा आकडा ठेवा. आणि फोटो घेण्याआधी ब्राउझरचा झूम १२५ किंवा १५० टक्के करा. निम्मे गुरुजी हे मोबाइलवरच वाचणार आहेत.

साठवताना पीएनजी. जेपीजीत अक्षरांच्या कडेला घाण येते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकसाळ, पट्टीचं कळलं ते बरं झालं, पीडीएफ अजून कुणाला पाठवलेली नाही. इन्स्पेक्टची युक्ती चालली! वर्गातली सगळी मुलं आता 'विद्यार्थी क्र.' झालीत. पण काही ठिकाणी नावावर क्लिक केलं तरी कोडमध्ये ते दिसत नाही, चित्रासारखं काहीतरी आहे. शिवाय फाइल फार जड होतेय, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायची आहे.

टाकसाळ

जिथे नाव चित्रात आहे तिथे रंगीत चौकोनच. आणि पाठवण्याआधी प्रत्येक चित्राच्या वरच्या कडेकडे बघा: उघडे टॅब, लॉगिन केलेलं नाव, शाळेचा यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक, कोपऱ्यात आलेला मेसेज. लोक मधला भाग झाकतात आणि हे विसरतात.

जुनी_खिडकी

जड होतेय कारण पूर्ण स्क्रीनची चित्रं असणार. वर्डमध्ये आणण्याआधीच ग्रीनशॉटमध्ये लागेल तेवढा भाग कापा, दोन रकाने दाखवायला अख्खं पान कशाला? पीडीएफ साठवताना वर्डमध्ये 'किमान आकार' असा पर्याय दिसेल, तो आधी एका पानावर करून बघा, बारीक अक्षरं पुसट होत असतील तर सोडून द्या. ग्रुपवर पीडीएफच टाका, पानांचे फोटो काढून नको. व्हॉट्सअॅप फोटो दाबून छोटे करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलला हात लावत नाही.