पुरानंतरची घरदुरुस्ती: धार्मिक गटांनी माणसं न्यावीत की पैसे पाठवावेत?

करवत
देऊळ, चर्च, गुरुद्वारा, गट कुणाचाही असो; आठवड्यासाठी वीस जणांना नेण्यापेक्षा तो प्रवासखर्च तिथल्याच मिस्त्रींना द्यावा. उदाहरणादाखल लाकडी सांगाडा आणि जिप्सम बोर्डाच्या भिंती असलेलं घर घ्या. बोर्ड बसल्यावर सांध्यांना पट्टी आणि लांबीचे (पुट्टीचे) तीन हात. प्रत्येक हात वाळायला साधारण एक दिवस, दमट हवेत जास्तच. मग घासणं, प्रायमर, रंग. शनिवारी येऊन शुक्रवारी परतणारा गट हे कसं उरकणार? ओल्या लांबीवरच पुढचा हात चढवतात आणि सांध्यांना भेगा जातात.

पाणसळ
लांबीला नवख्यांना लावतं कोण? त्यांचं काम त्याआधीचं, उपसण्याचं. आधी प्रत्येक खोलीचे फोटो, पाण्याची रेघ दिसेल असे, नाहीतर विम्याचं घोडं अडतं. मग वीज बंद असल्याची खात्री, सामान बाहेर, चिखल बाहेर. पाणी दोनच फूट चढलं असलं तरी बोर्ड चार फुटांवर कापायचा: ओल वर चढते, आणि चार फुटी तक्ता आडवा लावला की जागा नेमकी भरते. मागची भिजलेली ग्लासवूल (काचतंतूंचं अस्तर) काढायची. शेवटी सांगाड्यातले उरलेले खिळे-स्क्रू. हे सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून हटकून राहतं आणि नवा बोर्ड सपाट बसत नाही. यात कारागिरी नाही, हात लागतात. पूर ओसरला की गावातला एकूण एक मिस्त्री गुंतलेला असतो; पैसे घेऊन उभं राहिलं तरी माणूस मिळत नाही.

करवत
गट भिंती उघडतात, मान्य. बंद कधी करायचं हे कोण ठरवतं? परतण्याआधी गटाला 'झालेलं घर' फोटोत हवं असतं. लाकडातली ओल १५-१६ टक्क्यांच्या खाली यायला आठवडे लागतात. मीटर लावायचा तळाच्या आडव्या पट्टीला. छातीच्या उंचीवरचं लाकूड आधी वाळतं आणि फसवतं. त्यात ब्लीच फवारून 'बुरशी मेली' म्हणणारे. ब्लीचमधलं पाणी लाकडातच मुरतं. अमोनियाच्या क्लीनरमध्ये ते मिसळलं तर विषारी वायू, तो वेगळाच.

उंबरठा
धर्माचा मुद्दा दोघांनीही बाजूला ठेवलाय. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची आचारसंहिता आहे. तिचं तिसरं तत्त्व: मदतीच्या आडून राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे न्यायची नाही. ज्याचं छप्पर तुमच्या शिडीवर अवलंबून आहे, तो 'प्रार्थना करूया?' याला नाही कसा म्हणेल?

पाणसळ
त्याच तत्त्वात संस्थेला स्वतःची धार्मिक मतं बाळगायचा हक्कही दिलाय. अट एकच, मदत त्यावर अवलंबून नको. म्हणून घरांची यादी गटाने करूच नये, स्थानिक समितीने गरज बघून करावी. प्रार्थनेचा विषय घरमालकाने काढला तर काढला.
करवत, तुमच्या लांबीचं उत्तरही अशाच एका संस्थेकडे आहे. अमेरिकेतली मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस १९५० पासून हे करते: जाणते मुकादम मुक्कामी, स्वयंसेवक आठवड्याला बदलते. पहिला हात या गटाचा, दुसरा पुढच्याचा. वाळायला वेळ आपोआप मिळतो.

उंबरठा
यादी समितीची असेल तर माझी हरकत निम्मी उरते. समितीत त्याच पंथाचे लोक नसावेत, एवढं बघा.

आढं
छपराचं कुणी बोललंच नाही, आणि पडतात लोक तिथेच. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे किमान चार फूट जायला हवी. कडा लाकडी पट्टीवर गुंडाळून मग पट्टी ठोकायची; नुसत्या ताडपत्रीत खिळे मारले की वारा ती भोकं फाडत नेतो. शिडीला चार फूट उंचीमागे एक फूट पाया बाहेर, आणि टोक छपराच्या कडेवर तीन फूट. ज्याला हे माहीत नाही त्याने खालून ताडपत्री द्यावी, भक्ती कितीही असो.

करवत
मुक्कामी मुकादम असेल तर माझं निम्मं म्हणणं मागे. पण बुरशीच्या घरात एन-९५ मुखपट्टी लागते आणि ती दाढीवर बसत नाही, कडेने हवा आत जाते. धार्मिक गटात दाढी काढायला सांगणार कोण?

पाणसळ
कुणीच नाही. पंख्याने गाळलेली हवा देणारं सैल टोपडं मिळतं, ते दाढीवरही चालतं, पण महाग. नसेल तर त्यांना रस्त्याकडेला ठेवा: बोर्ड, लाकूड, फ्रिज-वॉशिंग मशीन आणि रंग-रसायनांचे डबे यांचे चार वेगळे ढीग. सरमिसळ ढीग पालिकेची गाडी बऱ्याचदा उचलतच नाही.