मदत हवी आहे: ओव्हरटनच्या पुलावर कुत्रा कठड्याकडे खेचत सुटला, काय करू?

नमस्कार मंडळी,
आम्ही ग्लासगोत राहतो. घरात चार वर्षांचा लॅब्राडोर आहे, नाव बुंदी. एरवी इतका भित्रा की फुगा फुटला तर सोफ्यामागे जाऊन बसतो.

गेल्या शनिवारी डम्बार्टनजवळच्या ओव्हरटन पुलावर गेलो होतो. हा १८९५ चा दगडी पूल, खाली ओढा, खोली साधारण ५० फूट. इथून कुत्री कठड्यावरून उड्या मारतात अशी त्याची ख्याती आहे. काही मेली, काही वाचली. 'कुत्र्याला पट्टा बांधून ठेवा' अशी पाटीसुद्धा आहे. गावातले लोक लेडी ओव्हरटनचं भूत सांगतात. पांढऱ्या कपड्यातली बाई, म्हणजे आपल्याकडच्यासारखीच, फक्त साडी नाही.

पूल ओलांडताना शेवटच्या टप्प्यात, उजव्या हाताला, बुंदी एकदम थबकला. शेपूट ताठ, नाक वर. मग पुढचे दोन्ही पाय कठड्यावर टाकून असा काही खेचला की पट्ट्याचा वळ अजून माझ्या तळहातावर आहे. भुंकला नाही, गुरगुरला नाही. आम्ही दोघांनी मिळून ओढून काढला. त्या दिवशी कडक ऊन होतं, आणि वाचलंय की असे प्रकार कोरड्या, उघड्या हवेतच जास्त होतात. लांब नाकाच्या जाती जास्त, हेही.

डेव्हिड सँड्स नावाच्या प्राणी-वर्तनतज्ज्ञांचं म्हणणं, खाली मिंक राहतात. मिंक म्हणजे मुंगसासारखं लांबट जनावर, पाण्याकाठचं, वास फार उग्र. त्यांनी उंदीर, खार आणि मिंक असे तीन वास ठेवून पाहिले, तर बहुतेक कुत्री मिंककडे धावली. शिवाय कुत्र्याच्या उंचीवरून नुसता दगडी कठडा दिसतो, पलीकडची दरी दिसतच नाही. मला हे पटतं. पण तिथल्या एका जुन्या शिकाऱ्याने या भागात मिंक नाहीतच असं सांगितल्याचंही वाचलं, तिथे गाडी अडते.

आता अडचण. तेव्हापासून बुंदी कुठलाही बुटका कठडा दिसला की पाय वर टाकतो. कालव्याकाठी फिरवायची भीती वाटते. वासामागे सुटलेल्या कुत्र्याला 'सोड' किंवा 'इकडे ये' हे नेमकं कसं शिकवायचं? खाऊ दाखवून पाहिला, ढुंकूनही बघत नाही. छातीचा पट्टा घेऊ का गळ्याचाच ठेवू? ज्यांची कुत्री शिकारी जातीची आहेत त्यांनी प्लीज सांगा.

भुताचे अनुभव नकोत. ते खातं आमच्या मातोश्रींकडे आहे. 'कुत्र्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही, मीठमोहऱ्या ओवाळून टाक' असा फोन येऊन गेला. ओवाळल्या. अर्ध्या मोहऱ्या बुंदीने खाल्ल्या.