मदत हवी आहे: १८६९ साली नॉर्वेहून आलेल्या खापरपणजोबांचं मूळ गाव कसं शोधायचं?

लीबाई

नमस्कार मंडळी,

मी मिनेसोटात राहते. नवरा इथलाच, सासरचं आडनाव ली. आपल्याकडच्या नातेवाइकांना बरीच वर्षं वाटत होतं की मी चिनी घरात पडले आहे. तर नाही, हे ली नॉर्वेचे. सासरे ऐंशीच्या पुढचे. दर नाताळात लेफ्से लाटतात, उठताबसता 'उफ दा' म्हणतात, पण मूळ गाव कोणतं ते त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या वडिलांनाही नव्हतं. सुनेला जुने कागद चिवडायची हौस आहे हे कळल्यावर त्यांनी बुटांचा एक खोका माझ्या हवाली केला आणि 'बघ काही निघतंय का' म्हणाले. आता रोज विचारतात.

शोधतेय ते त्यांचे पणजोबा, म्हणजे नवऱ्याचे खापरपणजोबा. थडग्यावर 'ओले एल. ली, १८५१–१९२७'. गुडह्यू काउंटीत शेत होतं. जमिनीच्या सुरुवातीच्या कागदांत मात्र नाव ओले लार्सन. 'ली' पुढे १८९० च्या आसपास उगवतं. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत जन्म ऑगस्ट १८५१ आणि इथे आल्याचं साल १८६९ आहे. नागरिकत्वाच्या कागदात 'स्वीडन आणि नॉर्वेच्या राजा'शी असलेलं इमान सोडल्याचं लिहिलंय. त्यावरून सासूबाई 'तुम्ही मुळात स्वीडिशच' म्हणून सासऱ्यांना चिडवायच्या. (१८१४ ते १९०५ दोन्ही देशांना एकच राजा होता, बाकी काही नाही.) मृत्यूच्या दाखल्यावर वडील लार्स, आई 'माहीत नाही', जन्मस्थान नुसतं 'नॉर्वे'. गावच्या साप्ताहिकातल्या मृत्युलेखात मात्र 'जन्म बर्गन' असं आहे. गावासारखं काही हाती असेल तर ते एवढंच.

लग्न इथेच १८७७ मध्ये, कारी अँडर्सडाटर हिच्याशी. मुलं क्रमाने लार्स, ब्रिटा, अँडर्स (हे सासऱ्यांचे आजोबा) आणि मग आणखी चार.

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिजिटालआर्किव्हेट नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे जुन्या जनगणना आणि चर्चच्या वह्या फुकट बघता येतात. १८६५ च्या जनगणनेत ओले लार्सन मागितला की नुसतं पीक येतं. बर्गनच्या आसपासचा मुलूख, वय चौदा-पंधरा आणि वाडीचं नाव ली, लिए, लिड यांपैकी काहीतरी, अशी चाळणी लावल्यावर दोन उरले.

पहिला व्हॉसचा, वय १४, बाप जमिनीचा मालक. दुसरा सोग्नमधल्या लुस्टरचा, वय १५, बाप 'हुसमान्न', म्हणजे मालकाच्या जमिनीत खोपट आणि तुकडाभर शेत असलेलं कूळ. या जनगणनेत जनावरं आणि पेरणीही लिहिलेली असते. लुस्टरच्या घरात एक गाय, चार मेंढ्या, तीन शेळ्या. थोडं बार्ली आणि दोन पिंपं बटाटे पेरलेले. व्हॉसच्या घरात दोन घोडे, अकरा गाई. सासऱ्यांनी घोड्यांचं घर मनातल्या मनात पसंत करून टाकलंय.

मला विचारायचंय ते असं: या दोघांतला आपला कोणता हे ठरवायचं कसं? बर्गनच्या बंदरावरची प्रवाशांची यादी कुठे मिळेल? आणि जुनी गॉथिक अक्षरं वाचणारं कोणी आहे का इथे?

---

फ्योर्डवाली

लीबाई, मी बर्गनमध्येच राहते, तेव्हा आधी बर्गनचं.

अमेरिकेतल्या कागदावर 'बर्गन' लिहिलं म्हणून माणूस शहरातला ठरत नाही. जहाज इथून सुटलं की लोक बर्गन सांगून मोकळे व्हायचे. शिवाय बर्गन नावाचा बिशपचा प्रांत होता, त्यात सोग्न, व्हॉस, हार्डांगर सगळं आलं. तुमचे दोन्ही ओले त्यात बसतात.

बंदरावरच्या यादीच्या मागे लागू नका. पोलिसांकडे नोंदलेल्या प्रवाशांच्या बर्गनच्या ज्या वह्या आज बघायला मिळतात त्या १८७४ पासूनच्या. न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणारं ठाणं, तेही विसरा, ते उघडलंच १८९२ मध्ये. त्या काळात नॉर्वेची बरीच जहाजं क्वेबेकला लागायची, तिथून बोटीने नाहीतर आगगाडीने सरोवरांकडे. क्वेबेकच्या याद्या १८६५ पासून आहेत, पण त्यात 'ओले लार्सन, १८' सापडला तरी तो कुठला हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा गावच्या चर्चच्या वहीत परगणा (म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतला मुलूख) सोडून जाणाऱ्यांची यादी असते, ती बघा. मृत्यूंच्या नोंदींनंतरची पानं चाळायची.

आता नावाचं. लार्सन म्हणजे लार्सचा मुलगा, इतकंच. ली हे राहत्या वाडीचं नाव. आपल्या 'कर'सारखं वाटतं खरं, पण नाशिककर पुण्यात गेला तरी नाशिककरच राहतो. इथे माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की नाव बदलायचं. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्याने. ली म्हणजे डोंगरउतार. ज्या देशात सपाट जमीन शोधावी लागते तिथे ली किती असतील विचार करा. आणि वाडीचं नाव लावणारा वाडीचा मालकच असतो असंही नाही, कुळंही तेच नाव घेऊन अमेरिकेत उतरलेली आहेत. सासऱ्यांना हे हळूच सांगा.

वयावरून एक धागा मिळतो. १८६५ मध्ये चालू वर्ष धरून वय लिहायचे. ऑगस्ट १८५१ चा मुलगा डिसेंबरअखेर १४ पूर्ण, म्हणजे कागदावर १५. लुस्टरचा बसतो. पण एका वर्षाच्या फरकावर निकाल देऊ नका, सांगणाऱ्याने अंदाजेच सांगितलेलं असायचं. १८७५ ची जनगणना उघडा, त्यात जन्मसाल असतं. दोघांपैकी जो तेव्हाही घरी सापडेल तो बाद.

मुलांच्या नावांकडेही बघा. रीत अशी की पहिला मुलगा बापाच्या बापाचा, दुसरा आईच्या बापाचा. तुमच्याकडे लार्स आणि अँडर्स अगदी जागच्या जागी आहेत. तेव्हा थोरली ब्रिटाही बहुतेक कोणत्या तरी आजीची असणार. दोन्ही घरांतल्या आयांची नावं काय आहेत?

---

वाचनमात्र

माझं मत व्हॉसला. अकरा गाई आहेत.

---

जुनाट

विस्कॉन्सिनहून लिहितोय, बायकोच्या माहेरचं असंच खणून झालंय. लीबाई, तुम्ही नॉर्वेत फार लवकर गेलात. अजून मिनेसोटा संपलेलं नाही.

लग्न १८७७ चं म्हणता, ते कोणत्या चर्चमध्ये झालं? काउंटीचा दाखला नको, चर्चची वही हवी. गुडह्यूतली नॉर्वेजियन लुथरन चर्चं जुनी आहेत. त्यांचे पाद्री नॉर्वेतून शिकून यायचे आणि तिकडच्यासारखेच रकाने आखून नॉर्वेजियनमध्ये वही ठेवायचे. इंग्रजी कारकून 'नॉर्वे' लिहून पुढच्या माणसाकडे वळायचा. पाद्र्याला ती जागा माहीत असायची, तो परगणा लिहायचा. लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, सभासदांची यादी, सगळं बघा. चर्च बंद पडलं असेल तर ते ज्यात विलीन झालं तिथे चौकशी करा. इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या संग्रहातही बऱ्याच वह्यांच्या फिल्म आहेत.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्म-आईबापांची, म्हणजे मुलाचे साक्षीदार म्हणून उभे राहणाऱ्यांची नावं असतात, ती सोडू नका. परक्या मुलखात लोक आपल्याच खोऱ्यातल्या माणसांना बोलवायचे. ओलेच्या मुलांचे धर्म-आईबाप सगळे सोग्नचे निघाले तर अर्धं काम झालं. ओलेचा कोणी भाऊ-बहीण इथे आला असेल तर त्याचाही मृत्युलेख शोधा, आणि इंग्रजी साप्ताहिकाबरोबर डेकोरा-पोस्टेनही बघा. आयोवातून १८७४ ते १९७२ निघायचं. वाचक सगळे नॉर्वेजियन, त्यांना 'बर्गन' सांगून काय कळणार? त्यामुळे तिथे परगणा छापलेला असण्याची शक्यता जास्त.

परगणा कळला की मॅडिसनच्या नॉर्वेजियन अमेरिकन जीनिऑलॉजिकल सेंटरला लिहा. त्यांच्या नेसेथ ग्रंथालयात 'बिग्देबोक' आहेत, म्हणजे एकेका परगण्याचे वाडीवार इतिहास: कोण कधी मालक, मुलं किती, कोण अमेरिकेला गेलं. सगळ्या परगण्यांचे नाहीत आणि सगळे सारख्या कसाचेही नाहीत. एका खोऱ्याहून आलेल्यांच्या वंशजांच्या संस्थाही आहेत, सोग्नेलाग, व्होसेलाग वगैरे. तिथली म्हातारी माणसं पत्राचं उत्तर देतात, हा माझा अनुभव.

---

लीबाई

फ्योर्डवाली, जुनाट, दोघांचे मनापासून आभार. बरंच काही झालंय.

चर्च शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये विलीन झालंय. तिथल्या सेक्रेटरी बाईंनी कपाटातून वही काढून लग्नाच्या पानाचा फोटो पाठवला. ओलेच्या नावापुढे 'लिस्टर', कारीच्या पुढे 'हाफ्स्लो'. लिस्टर म्हणजे लुस्टरच ना? नकाशात हाफ्स्लो त्याला खेटून आहे.

व्हॉसचा ओले १८७५ मध्ये व्हॉसलाच आहे, बायकोसकट. लुस्टरचा त्या जनगणनेत नाही. लुस्टरच्या ओलेच्या आईचं नाव ब्रिटा. व्हॉसची मार्टा.

मग लुस्टरच्या चर्चच्या वह्या उघडल्या. १८६६ च्या कन्फर्मेशनच्या (वयात येणाऱ्या मुलांची श्रद्धा चर्चमध्ये पक्की करायचा विधी) यादीत ओले सापडला. त्यात जन्मतारीख, आईबाप, धर्मज्ञानाबद्दल शेरा ('बरं', त्याच्या वरच्या मुलाला 'फार चांगलं') आणि देवीची लस कधी टोचली ती तारीखसुद्धा! लसीची तारीख कशाला, कोणी सांगेल का? जन्म ऑगस्ट १८५१, थडग्याशी आणि १९०० च्या जनगणनेशी जुळतंय. बाप्तिस्म्याची नोंदही मिळाली, पण तिथे बापाच्या रकान्यात एक शब्द अडलाय. 'लार्स'नंतर काहीतरी, मग 'लिए'सारखं, आणि त्याला चिकटून एक शेपूट: ए, इ, ए असं वाटतं. शब्दाचा फोटो कापून खाली जोडलाय. हे वेगळ्या वाडीचं नाव आहे का?

सासरे अजून घोडे सोडायला तयार नाहीत.

---

फ्योर्डवाली

लिस्टर म्हणजे लुस्टरच, जुनं लिखाण. लसीची तारीख अशासाठी की देवीची लस इथे १८१० पासून सक्तीची होती आणि दाखला नसेल तर कन्फर्मेशन आणि लग्न दोन्ही अडायचं. तपासणार कोण? पाद्रीच.

तुमचा शब्द मी 'लिए-एइए' असा वाचते. वेगळी वाडी नाही. 'एइए' म्हणजे लिए वाडीच्या मालकीतली जागा, तिथे राहणारं कूळ. त्याच्या आधीचं जे 'काहीतरी' आहे ते लार्सच्या बापाचं नाव असणार, 'लार्स' यानंतर 'सेन'ने संपतंय का बघा. तसं असेल तर आजोबांचं नावही मिळालं. म्हणजे १८६५ च्या जनगणनेशी सगळं जुळतंय: हुसमान्न, एक गाय, बटाटे. जमीन नसलेल्याला त्या वर्षांत राहून काय मिळणार होतं? १८६६ पासून १८७३ पर्यंत माणसांची मोठी लाट इथून गेली, तुमचे ओले त्यातलेच. अर्थात मालकांची धाकटी मुलंही गेली, कारण वाडी थोरल्याकडे जायची, तेव्हा सासऱ्यांचा अंदाज अगदीच वेडा नव्हता.

आता दोन कामं. त्याच वहीत १८६९ सालची परगणा सोडणाऱ्यांची यादी काढा, वसंत ऋतूपासून सुरुवात करा, एप्रिल-मेमध्ये जहाजं सुटायची. ओले एकटाच गेला की कोणाबरोबर, ते तिथे कळेल, आणि मग क्वेबेकची यादी उपयोगी पडेल. दुसरं, मॅडिसनला लिहिताना वाडीचं नाव एकटं देऊ नका, 'लुस्टर, लिए, हुसमान्न लार्स आणि ब्रिटा' असं सगळं द्या. बिग्देबोकमध्ये आधी मालकांच्या पिढ्या येतात आणि कुळं प्रकरणाच्या शेवटी असतात, वरवर चाळणारा तिथवर पोचत नाही.

आणि पुढच्या वेळी फोटो पूर्ण पानाचा टाका, वरच्या मथळ्यांसकट. हा शब्द मला त्याच पाद्र्याने खाली आणखी कुठे लिहिलाय का ते ताडून बघायचंय, नुसत्या तुकड्यावरून मी पैज लावणार नाही.