मदत हवी आहे: सेकंडहँड ट्रॅक्टरचा पीटीओ क्लच गंजलाय, नुसती प्लेट बदलू की पूर्ण सेट?

निफाडचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितोय, कारण दोन मिस्त्री दोन तोंडांनी बोलतायत आणि द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) दारात उभी आहे.

यंदा उन्हाळ्यात घोटीकडून एक छोटा ट्रॅक्टर घेतला. २७ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, डबल क्लच. म्हणजे पेडल अर्धं दाबलं की चाकांचा जोर सुटतो, तळापर्यंत दाबलं की पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) सुटतो. आवरमीटरवर १,९०० च्या आतच तास. आधीचा मालक भातवाला, रोटाव्हेटर लावून चिखलणी हेच मुख्य काम. इंजिन ठणठणीत, धूर नाही, टायर बरे. व्यवहार झाला.

खरड छाटणीनंतरच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरच्या) फवारण्या ६०० लिटरच्या ब्लोअरने (पीटीओवर चालणारं, पंख्याचं फवारणी यंत्र) बिनबोभाट झाल्या. जुलै-ऑगस्टच्या झडीत बागेत चाक घालायची सोय नव्हती, तेव्हा ट्रॅक्टर शेडमध्येच होता. शेड म्हणजे वर पत्रा आणि तीन बाजू मोकळ्या, पावसाची वावटळ आत येतेच. नंतर चालू केला तर पेडल तळापर्यंत दाबूनही पीटीओ थांबेना. थोडा वेळ तसाच चालवल्यावर खट्ट आवाज आला आणि सुटला. वाटलं, मिटलं. पण आता टाकी भरलेली असताना ब्लोअरची हवा मध्येच पडते. इंजिनचे आरपीएम जागच्या जागी, पंख्याचा आवाज मात्र खाली बसतो आणि पाठोपाठ लायनिंग (क्लच प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर) जळाल्याचा वास. गाडी ओढायला काही अडचण नाही, भरलेली ट्रॉली चढावर निवांत नेते.

शेवटी ट्रॅक्टर मधोमध सुटा केला. हाउसिंग उघडल्याबरोबर तपकिरीसारखी बारीक लाल पूड खाली सांडली. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट (ज्यांच्या तोंडांवर क्लचची प्लेट दाबून बसते) दोन्हींवर गंजाची कडी. एका बाजूला हाताच्या पंजाएवढ्या भागात गंज खोल गेलाय, बोट फिरवलं की खड्डे लागतात. पीटीओ प्लेटचं लायनिंग एका अंगाला रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलंय, दुसऱ्या अंगाला बऱ्यापैकी शिल्लक आहे. मेन प्लेट (चाकांना जोर देणारी) दिसायला चांगली. तेलाचा कुठेही थेंब नाही.

पहिला मिस्त्री म्हणतो पीटीओची प्लेट टाका, पॉलिश पेपर मारा आणि जोडून टाका. दुसरा म्हणतो पूर्ण सेट बदला, फ्लायव्हील लेथवर फेस करा (तोंड कापून सपाट करा). खर्चात जवळपास तिपटीचा फरक. एवढ्या कमी तासांत प्लेट कशी गेली हेही कळत नाही. ड्रायव्हरचा पाय म्हणावा तर मेन प्लेट आधी जायला हवी होती ना?

जुना_फिटर_सिन्नर

भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्याकडे मेन प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आधी बोंबलतं. तेल गळून प्लेट गेली असती तर लायनिंग काळं, चकचकीत आणि चिकट दिसलं असतं. लाल पूड आणि एका अंगाला झीज, हे पाण्याचंच काम.

होतं असं. हाउसिंगमध्ये ओल राहिली की बिडाच्या फ्लायव्हीलला गंज चढतो. ट्रॅक्टर उभा असताना लायनिंग त्या गंजलेल्या तोंडावर दाबून बसलेलं असतं, ते चिकटतं. म्हणून तुमचा पीटीओ सुटत नव्हता. खट्ट झालं तेव्हा प्लेट सुटली, पण लायनिंगचा वरचा थर काही ठिकाणी फ्लायव्हीललाच राहिला असणार. त्यानंतर प्लेटला पूर्ण बैठक मिळत नाही. ब्लोअरच्या लोडला ती घसरते, घसरली की तापते, तापली की लायनिंगला काच चढते, आणि मग आणखी घसरते. गंजाची पूड मध्ये घासत असतेच.

आता प्लेटचं. नुसती प्लेट टाकायला माझा विरोध. बोटाला खड्डे लागतायत म्हणता ना, मग पॉलिश पेपरने काही होत नाही, नवी प्लेट त्या कडांवर पुन्हा खाल्ली जाईल. पण डोळे झाकून पूर्ण सेटही घेऊ नका. प्रेशर प्लेट सुटी करून स्प्रिंगा बघा. वरवरचा गंज चालतो, पण खाल्लेल्या, निळ्या पडलेल्या किंवा उंचीला कमी-जास्त झालेल्या असतील तर प्रेशर प्लेट बदला. मेन प्लेटचं लायनिंग रिव्हेटच्या वर किती आहे ते मोजा. शाफ्टच्या खाचा साफ करून प्लेट हाताने पुढे-मागे सरकवून बघा, गंजलेल्या खाचांत प्लेट अडकली की नव्या मालातही पीटीओ सुटणार नाही. रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग मात्र काही न बघता बदला. ट्रॅक्टर पुन्हा सुटा करायची मजुरी त्यापेक्षा महाग पडते.

लेथवाल्याला एक ठासून सांगा. काही फ्लायव्हीलना पायरी असते, प्लेट बसते ते तोंड वेगळ्या पातळीवर आणि प्रेशर प्लेट बोल्ट होते ती कड वेगळ्या पातळीवर. अशा फ्लायव्हीलचं नुसतं प्लेटचं तोंड कापलं तर स्प्रिंगांचा दाब कमी होतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो. जेवढं तोंडावरून काढलं तेवढंच कडेवरूनही काढायचं. काळे-निळे डाग आणि केसासारख्या चिरा दिसल्या तर मात्र फेस करत बसू नका, फ्लायव्हीलच बदला.

घोटी_टाके

आमच्याच भागातला ट्रॅक्टर दिसतोय म्हणून लिहितो. क्लच हाउसिंगच्या अगदी तळाला एक भोक असतं का बघा. आत आलेलं तेल-पाणी खाली पडावं म्हणून ते असतं. आमच्याकडे चिखलणीला खाचरातलं पाणी पार तिथवर येतं, म्हणून लोक त्यात बोल्ट मारतात. त्यात चूक काही नाही, पण लावणी आटोपल्यावर तो काढायचा असतो. नाही काढला तर आत शिरलेलं पाणी आतच. इगतपुरीचा पाऊस आणि तसाच बंद डबा, चार महिन्यांत काय होईल सांगा.

ब्लोअरवाला_दिंडोरी

तुमचा डबल क्लच कोरडा आहे. इतरांसाठी लिहून ठेवतो, पीटीओचा वेगळा हँडल असलेल्या काही ट्रॅक्टरांत तेलात बुडालेल्या अनेक प्लेटांचा क्लच असतो. तिथे पाणी ट्रान्समिशनच्या तेलात शिरतं, तेल दुधाळ होतं आणि प्लेटांचं लायनिंग सुटायला लागतं. काडीवर घेतलेला तेलाचा थेंब तापलेल्या तव्यावर टाका, चरचरला तर पाणी आहे. (तवा घरातला नको, मागे फार ऐकून घ्यावं लागतं.)

आणि ब्लोअरचा पंखा जड असतो. इंजिन रेस करून एकदम पीटीओ जोडला की तो पंखा शून्यातून वेगात आणायचा सगळा भार प्लेटवर येतो. कमी आरपीएमवर जोडा, पंखा फिरू लागला की मग पीटीओ ५४० आरपीएमपर्यंत न्या. नवीन प्लेट टाकायच्या आधी ब्लोअरचा पंखा हाताने फिरवून बघा. बेअरिंग जड असेल तर दोष क्लचच्या नावावर खपेल.

निफाडचा_बागायतदार

घोटीवाले भाऊ, तुमच्या तोंडात साखर. तळाला भोक आहे आणि त्यात बोल्ट आहे! वर टेफ्लॉन टेप, त्यावर ग्रीस, त्यावर वाळलेला चिखल. पाना लावल्याशिवाय दिसलाच नसता. काढल्यावर लाल गाळ ओघळला.

स्प्रिंगा मोजल्या, सगळ्या सारख्या आहेत. मेन प्लेट जाडीला चांगली. तेव्हा पीटीओ प्लेट, दोन्ही बेअरिंग आणि फ्लायव्हील-प्रेशर प्लेट फेसिंग असं ठरवलंय. नाशिकच्या अंबडला लेथवर टाकलंय, पायरीचं बोललोय. ब्लोअरचा पंखा हलका फिरतो.

दोन शंका राहिल्यात. हाउसिंगमधली पूड कॉम्प्रेसरने उडवू का? आणि तो बोल्ट परत लावू की नको?

जुना_फिटर_सिन्नर

कॉम्प्रेसर अजिबात नको. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क बांधा, फडकं पिशवीत बांधून टाका. फ्लायव्हीलच्या तोंडाला ग्रीसचा हात लागू देऊ नका. खाचांना ग्रीस लावायचंच तर नावाला.

जोडताना फिंगर (प्रेशर प्लेट मागे ओढणारे दांडे) तिन्ही एका उंचीला घ्या, पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे ठेवा. लायनिंग झिजत जातं तसा तो खेळ कमी होतो, म्हणून हंगामात अधूनमधून बघायचा. पेडल पूर्ण दाबल्यावर पीटीओ थांबतो का ते मागे कोणी उभं नसताना बघा. आणि तो थांबला तरी नोझल साफ करायला जाताना इंजिन बंदच करा. चिकटलेला क्लच कधी धरेल सांगता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात बरेच दिवस उभा राहणार असेल तर पेडल दाबून लाकडाची फळी अडकवून ठेवा, प्लेट तोंडाला टेकत नाही. वॉशिंग सेंटरवाल्याला हाउसिंगच्या फटीत प्रेशर मारू देऊ नका.

बोल्ट लावू नका. त्या भोकात कॉटर पिन सैल घाला, ती हलत राहते आणि भोक बुजत नाही. तो बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा, कोणाच्या चिखलणीला ट्रॅक्टर दिलात तरच लागेल.