‘.२२ नाही तर शिकार नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

नेमहुकल्या
परवा इथे एकानं ठोकून दिलं, "सशासाठी एअर रायफलीत .२२ इंची छर्राच. .१७७ इंची म्हणजे पोरांचं खेळणं. आणि डब्यावर ज्या बंदुकीचा वेग जास्त ती डोळे मिटून उचला." पहिलं गिळलं असतं, पण त्या वेगाच्या सल्ल्यानं डोकं फिरलं.

डब्यावरचे ते सेकंदाला १२०० फूट कसले छर्रे घालून काढतात? शिशाचे नव्हे, हलक्या मिश्रधातूचे. शिकारीला ते कोण नेतं? शिवाय आवाजाचा वेगच सेकंदाला साधारण ११०० फूट. त्याच्या आसपास गेला की कमरेत बारीक असलेला छर्रा डळमळतो. तीस मीटरवर मग शोधत बसा. १२ फूट-पाउंड ताकदीच्या बंदुकीतून ८.४ ग्रेन वजनाचा .१७७ सुटतो सेकंदाला ८०० फुटांनी, १६ ग्रेनचा .२२ सुटतो ५८० नी. ताकद जवळजवळ तीच! पण .१७७ सपाट जातो. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी डोळा आणि कान यांच्या मधे बसतो. ती जागा केवढी, तर जेमतेम २५ मिलिमीटर.

दट्ट्या
तो ‘एक’ मीच. नाव घ्यायला लाज वाटली का?
मी .१७७ नं कबुतराच्या छातीत मारलं. पिसं उडाली, कबुतरही उडालं. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मेलेलं सापडलं. छर्रा आरपार, ताकद गेली मागच्या झाडात. त्या आठवड्यात बंदूक विकली. तुमचं गणित त्या कबुतराला समजवा.

नेमहुकल्या
छातीत मारलंत कशाला? आणि फील्ड टार्गेटवाले, म्हणजे रानात मांडलेल्या पत्र्याच्या प्राण्यांवर नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारे, सर्रास .१७७ का वापरतात?

दट्ट्या
पत्र्याचे ससे शिजवून खाता का तुम्ही?

बाकावरचा
छर्‍यावरून डोकी फोडताय, बंदूक स्प्रिंगची की पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, ते कुणी विचारलं? स्प्रिंगवाली आधी मागे, मग पुढे असा दुहेरी झटका देते. माझ्या दुर्बिणीतली फुली महिन्याभरात तिरकी झाली. दुकानदार म्हणे, "ही साध्या रायफलीची आहे, एअर रायफलीची नाही." हे विकताना सांगायचं नाही का?

खांदेदुखी
स्प्रिंगला नावं ठेवू नका. घट्ट आवळून धरता म्हणून हुकतं. तळहातावर नुसती टेकवा, हवी तशी उडू द्या.

बाकावरचा
रानात, धापा टाकत, गुडघ्यावर बसून "हवी तशी उडू द्या"? पीसीपी घ्या, झटकाच नाही.

खांदेदुखी
आणि २०० बार दाबापर्यंत हातपंपानं हवा कोण भरणार, तुम्ही येणार? ‘खांदेदुखी’ हे नाव उगाच नाही घेतलं. टाकी घ्यायची तर बंदुकीपेक्षा बाडबिस्तरा मोठा. एकदा सील गळलं, सकाळी काटा शून्यावर. त्याच दिवशी बांधावर तीन ससे बसलेले. स्प्रिंगनं मला असा दगा कधी दिला नाही.

बाकावरचा
सील वेळेवर बदललं नाही हा पीसीपीचा दोष?

खांदेदुखी
स्वस्त दुर्बीण लावली हा स्प्रिंगचा दोष?

शिसेविरोधी
शिसं मांसात राहतं, जखमेभोवतीचं मोठ्ठं कापून टाका. कुणालाच पडलेली नाही, दरवेळी मीच बोंबलतो.

नेमहुकल्या
धागा छर्‍यांचा आहे हो! दट्ट्या, कुठला डबा वापरता? कागदावर कधी मारून पाहिलंत?

दट्ट्या
(तीन दिवसांनी) पाहिलं. २५ मीटर, बाकावर टेकून. माझे १४ ग्रेनचे पंजाएवढे पसरले. मित्राकडचे १८ ग्रेनचे घातले, पाच छर्रे एका नाण्याखाली. म्हणजे माझी नळी जे थुंकत होती तेच मी दोन वर्षं तिला भरवत होतो. झालं समाधान? कबुतराला छातीत मारायला नको होतं, तेही लिहून घ्या.
.१७७ मात्र घेणार नाही.

नेमहुकल्या
नका घेऊ. तो १४ ग्रेनचा उरलेला डबा माझ्या भावाकडे पाठवा, त्याच्या .२२ ला तेच आवडतात.