सुटका, मुक्तता की माफी? तुरुंगातील पत्रकाराविषयी लिहिताना नेमका शब्द कोणता

मुद्रितशोधक : एका मासिकासाठी आलेला लेख तपासताना एका शब्दापाशी अडलो आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे. लेख म्यानमारमधील वा लोन आणि चॉ सो ऊ या रॉयटर्सच्या दोन वार्ताहरांवर आहे. इन दिन या गावात झालेल्या दहा रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा ते शोध घेत होते. १२ डिसेंबर २०१७ रोजी यांगूनमधील एका उपाहारगृहात पोलिसांनी त्यांना भेटीला बोलावले, हातात काही कागद दिले आणि ते बाहेर पडताच त्याच कागदांवरून अटक झाली. हा सापळा होता अशी साक्ष पुढे एका पोलीस कॅप्टननेच न्यायालयात दिली. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारी गुपितांच्या कायद्याखाली दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. (हा कायदा १९२३ चा, म्हणजे ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानात होता तेव्हाचा, आणि त्याच साली त्याच नावाने झालेला कायदा आपल्याकडेही अद्याप लागू आहे.) २३ एप्रिल २०१९ ला तेथील सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ७ मे रोजी, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने दोघे इन्सीन तुरुंगाबाहेर आले.

लेखकाने शेवटी "दोघांची निर्दोष मुक्तता झाली" असे लिहिले आहे, ते मला खटकते. परंतु त्या जागी "माफी मिळाली" असे घातले, तर त्यांच्या हातून गुन्हा घडला होता असा वाचकाचा समज होईल. काय करावे?

कोर्टकचेरी : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. निर्दोष मुक्तता फक्त न्यायालय करते, आणि तीही खटला चालून, पुरावा तपासून निकाल लागल्यावर. राष्ट्राध्यक्ष, राज्यपाल, तुरुंग अधिकारी यांपैकी कोणीही आरोपीची निर्दोष मुक्तता करू शकत नाही. या दोघांच्या बाबतीत तर न्यायालयाच्या तिन्ही पायऱ्यांवर निकाल विरुद्ध गेला होता आणि तो शेवटपर्यंत कागदावर तसाच राहिला. "सुटका झाली" असे लिहावे. माणूस तुरुंगातून बाहेर आला एवढीच वस्तुस्थिती हा शब्द सांगतो. तो कशामुळे बाहेर आला हे सांगायचे असल्यास जामिनावर सुटका, मुदतपूर्व सुटका, सशर्त सुटका असे विशेषण जोडावे लागते.

"मुदतपूर्व" वरून एक गोष्ट आठवली, ती लेखात नसेल तर जरूर घालावी. इन दिनच्या हत्येबद्दल सात सैनिकांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली होती आणि त्यांना वर्षही पुरे होण्याआधी सोडून देण्यात आले. हत्येची बातमी शोधणारे मात्र सोळा महिन्यांहून अधिक काळ आत होते. "मुदतपूर्व सुटका" हा कोरडा सरकारी शब्द अशा ठिकाणी किती काही झाकू शकतो ते यावरून दिसते.

सांगलीकर : माफी या शब्दाविषयीची आपली धास्ती मला रास्त वाटते, कारण मराठीत माफीच्या पोटात काहीतरी देणे असल्याची कबुली गृहीत असते. कर्जमाफी म्हटले की कर्ज होते यावर वाद उरत नाही. फीमाफीतही फी लागू असतेच. सगळ्यांत बोलका शब्द "माफीचा साक्षीदार" : त्याला गुन्ह्यातला आपला वाटा न्यायालयासमोर सांगावा लागतो, तेव्हाच माफी मिळते.

पण म्हणून "माफी" लेखातून पुसून टाकणे मला पटत नाही, कारण या प्रकरणात माफी खरोखरच मागितली गेली होती. अपिलाचा रस्ता संपल्यावर दोघांच्या पत्नींनी एप्रिल २०१९ मध्ये सरकारला पत्र लिहून माफीची विनंती केली आणि त्याच वेळी स्पष्ट केले की आमच्या नवऱ्यांनी काही गैर केले म्हणून आम्ही हे मागत नाही. ते तुरुंगातून सुटून घरी यावेत म्हणून मागत आहोत. वा लोन यांची मुलगी ते तुरुंगात असताना जन्मली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पत्रातला प्रत्येक शब्द कळतो. मोहीम चालवणारे लोक बाहेरून "सुटका करा" म्हणू शकतात. ज्यांचे माणूस आत आहे त्यांना कायद्याने उघडे ठेवलेले एकच दार दिसते आणि त्या दारावर "माफी" अशी पाटी असते. म्हणून मी असे लिहीन : "राष्ट्राध्यक्षांनी दिलेल्या माफीमुळे दोघांची सुटका झाली, न्यायालयाचा दोषी ठरवणारा निकाल मात्र कायम राहिला."

ओवी : सांगलीकरांचे वाक्य चांगले आहे, तरी "सुटका" हा शब्द वाटतो तितका निर्लेप नाही. "पोलिसांनी बालकामगारांची सुटका केली" यात सोडवणारा हा उपकारकर्ता असतो. "सरकारने पत्रकाराची सुटका केली" हे वाक्यही त्याच साच्यात बसते आणि ज्याने डांबले तोच तारणहार ठरतो. सरकार कर्ता असेल तेथे मी "सोडले" लिहीन. क्रियापद मात्र जपून वापरावे, कारण "सुटला" याला कचेरीच्या आवारात वेगळाच वास आहे : "साक्षीदार फुटले आणि सुटला" हे निरपराध माणसाबद्दल कोणी बोलत नाही.

कोर्टकचेरी : ओवीताईंचा मुद्दा मान्य. त्याला जोडून "जामीन मिळाला" आणि "सुटका झाली" यांतील अंतरही सांगतो, कारण बातम्यांत हे दोन्ही सर्रास एक धरले जातात. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन हाथरसला जात असताना ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांना जामीन दिला तेव्हा "कप्पन सुटले" असे म्हणणाऱ्यांची घाई झाली, कारण ईडीचे दुसरे प्रकरण शिल्लक होते. त्यात डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, मग जामीनदारांची पडताळणी, आणि प्रत्यक्ष लखनौच्या तुरुंगाबाहेर पाऊल पडले ते २ फेब्रुवारी २०२३ रोजी. जामिनावरील माणूस आरोपी असतोच, फक्त तो घरी असतो.

जुना केसरी : अशा मोहिमांच्या निवेदनात "तात्काळ व बिनशर्त सुटका" ही मागणी असते, त्यातले "बिनशर्त" अनेकांना शोभेचे वाटते. त्याचे वजन समजायचे तर १८९८ कडे पाहावे. 'केसरी'तील लेखनाबद्दल सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली; ज्युरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले आणि तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. खटल्याआधी माफी मागून मोकळे व्हावे असा सल्ला हितचिंतकांनी दिला होता, तो त्यांनी मानला नाही. पुढे मॅक्समुल्लर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी आदींनी विलायतेत अर्ज केला. तो दयेचा अर्ज होता : टिळकांच्या विद्वत्तेकडे पाहून शिक्षा सौम्य करावी असा त्याचा रोख होता, निकालाला आव्हान नव्हते. ६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळक सुटले, पण अटी मान्य करून. सुटकेचे स्वागतसमारंभ घ्यायचे नाहीत, आणि पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास उरलेले सहा महिनेही भोगायचे. लेखणी धरणाऱ्या माणसाच्या मानेवर सहा महिने टांगून ठेवलेली सुटका ती हीच.

सांगलीकर : म्हणजे "दयेचा अर्ज" आणि "निवेदन" यांतही फरक करावा लागेल. अर्ज करणारा दाराशी उभा असतो. निवेदन देणारा निदान बरोबरीने बोलतो. तहसील कचेरीत दोन्हींवर शिक्का एकच पडतो, ही गोष्ट अलाहिदा.

मुद्रितशोधक : सर्वांचे आभार. सांगलीकरांचे वाक्य जसेच्या तसे घेत आहे आणि सैनिकांविषयीची माहिती त्याच परिच्छेदात घालण्याची सूचना लेखकाला पाठवत आहे. मथळ्यात मात्र "सुटका" एवढाच शब्द ठेवतो.

ओवी : मथळ्यात "अखेर सुटका" तेवढे करू नका. "अखेर" म्हटले की प्रकरण मिटल्यासारखे वाटते, आणि निकाल तर अजून उभा आहे.